चार सेकंदांची शिदोरी

ताशी शंभरच्या वेगाने गाडी एखाद्या पुलाखालून निघून गेली, तर उपग्रह रेडिओवरचं गाणं जराही तुटत नाही. त्याच पुलाखाली लाल दिवा लागला आणि गाडी उभी राहिली, की गाणं क्षणभर चालतं आणि मग रेडिओ गप्प होतो. उपग्रह तोच, अँटेना तीच, पूलही तोच. अमेरिकेत किंवा कॅनडात गाडी चालवणाऱ्या आपल्या लोकांनी हा अनुभव कधी ना कधी घेतलेला असतो. बहुतेकांना वाटतं, रेडिओत बिघाड आहे. बिघाड काहीच नसतो. यंत्रणा ठरल्याप्रमाणे चोख काम करत असते, आणि ती कशी चालते हे समजलं की या रेडिओचा आवाज असा का, याचंही उत्तर मिळतं.

मी मूळचा मिरजेचा. सतारमेकर गल्लीत लहानपण गेलं. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर कानस किती हलकेच फिरवतो आणि दर फिरवणीनंतर कान किती वेळ तारेजवळ धरून बसतो, हे रोज बघायला मिळायचं. पुढे इंजिनिअर झालो, डेट्रॉइटच्या उपनगरात आलो आणि मोटारींच्या छतावरच्या अँटेना तपासण्याच्या कामाला लागलो. छताच्या मागच्या टोकाला काळा, टोकदार, शार्क फिन म्हणतात तो उंचवटा असतो ना, तो माझा विषय. गाडीत बसून ठरलेल्या रस्त्यांवरून जायचं, सिग्नल कुठे पडतो, कुठे परत येतो ते नोंदवायचं. रेडिओ ऐकणं हेच काम असल्यामुळे कानाची मिरजेतली सवय टिकून राहिली.

या कामातून माझं एक पक्कं मत झालं आहे. न तुटणारा आवाज आणि भरदार, स्वच्छ आवाज हे दोन्ही एकाच चिंचोळ्या पट्ट्यातून काढावे लागतात. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. महिन्याचे पैसे भरणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

तो पट्टा किती चिंचोळा, ते आधी पाहू. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने 1992 साली उपग्रहावरून थेट श्रोत्याला ऐकवायच्या रेडिओसाठी 2.3 गिगाहर्ट्झच्या आसपासची जागा राखून ठेवली. 1997 साली तिचा लिलाव झाला. दोन कंपन्यांनी प्रत्येकी आठ कोटी डॉलरहून अधिक मोजले आणि प्रत्येकीच्या वाट्याला 12.5 मेगाहर्ट्झ आले. त्यातल्या एकीचं तेव्हाचं नाव होतं सीडी रेडिओ. 1999 साली तिने नाव बदलून सिरियस केलं. दुसरी एक्सएम. एक्सएमचं उद्घाटन 12 सप्टेंबर 2001 रोजी ठरलं होतं. आदल्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे पडले, समारंभ रद्द झाला आणि 25 सप्टेंबरला डॅलस आणि सॅन डिएगो या दोन शहरांत सेवा सुरू झाली. तिच्या पहिल्या दोन उपग्रहांची नावं होती ‘रॉक’ आणि ‘रोल’. सिरियस 2002 साली आली. 2008 च्या जुलैत दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि सिरियसएक्सएम हे नाव रूढ झालं.

ही कल्पना अमेरिकेतच का रुजली, हे वायोमिंग किंवा साउथ डकोटातून गाडी चालवली की पटतं. एफएम स्टेशन साठ-सत्तर किलोमीटर साथ देतं आणि खरखरत विरून जातं. पुढचं गाव तासाभराच्या अंतरावर. रेडिओची सुई फिरवत राहावं तर अर्धा वेळ काहीच हाती लागत नाही. तिथे आकाशातून एकच वाहिनी किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत न बदलता मिळणं ही मोठी सोय आहे, विशेषतः ट्रक चालवणाऱ्यांना.

आता आकाशाकडे पाहू. एक्सएमने आपले उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर, 85 आणि 115 अंश पश्चिम रेखांशांवर बसवले. पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच ते फिरतात, त्यामुळे जमिनीवरून एकाच जागी दिसतात. डेट्रॉइटहून पाहिलं तर पहिला जवळजवळ थेट दक्षिणेला, क्षितिजापासून 41 अंशांवर येतो. दुसरा नैर्ऋत्येला, 31 अंशांवर. दक्षिणेला उंच इमारत असली की दोन्ही झाकले जाण्याची भीती. सिरियसने वेगळा मार्ग घेतला. तिचे पहिले तीन उपग्रह लांबट, कललेल्या कक्षेत फिरायचे आणि दिवसाच्या चोवीस तासांपैकी प्रत्येक जण सोळा तास विषुववृत्ताच्या उत्तरेला असायचा. तिघांतले दोघे सतत अमेरिकेच्या माथ्यावर, तेही बरेच उंच. त्यामुळे इमारती आणि डोंगर कमी आडवे यायचे. शहरांत उपग्रहाचा कार्यक्रम पुन्हा प्रसारित करणारे जमिनीवरचे मनोरेही सिरियसला एक्सएमच्या मानाने थोडेच लागले. अँटेनावाल्याच्या नजरेने पाहिलं तर मला ही रचना अतिशय देखणी वाटते. पण बदलत्या कक्षेतले उपग्रह सांभाळणं अवघड, खर्चिक. ते तिघे 2016 साली निवृत्त झाले आणि त्यांचं काम भूस्थिर उपग्रहांकडे आलं.

भारतातले माझे नातेवाईक हे ऐकलं की हमखास विचारतात, “पावसात बंद पडत असेल ना?” घरच्या डिश टीव्हीचा अनुभव गाठीशी असतो. जोराची सर आली की पडद्यावर ‘सिग्नल नाही’. पण डिश टीव्हीच्या लहरी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. पावसाचे टपोरे थेंब त्यांना चांगलेच शोषतात. उपग्रह रेडिओच्या लहरी 13 सेंटिमीटरच्या आहेत. त्यांना पावसाचा जवळपास पत्ताच लागत नाही. मुसळधार पावसात, वायपर पूर्ण वेगात चालू असताना हा रेडिओ स्वच्छ वाजतो. याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

त्याचा खरा शत्रू आहे झाड. हिरव्यागार पानात पाणी भरलेलं असतं आणि एखाद्या डेरेदार मेपलखाली सिग्नल दहा पटींनी खाली येऊ शकतो. मिशिगनच्या उत्तरेला हार्बर स्प्रिंग्जपासून क्रॉस व्हिलेजपर्यंत एम-119 नावाचा रस्ता आहे. एका अंगाला लेक मिशिगन, डोक्यावर दोन्ही बाजूंच्या झाडांनी एकमेकांत गुंफलेलं छत. लोक त्याला झाडांचा बोगदा म्हणतात आणि शरद ऋतूतले रंग बघायला लांबून येतात. मी तिथे रेडिओ ऐकायला जातो. जुलैत या रस्त्यावर गाणं वळणावळणाला तुटतं. नोव्हेंबरात पानं गळाली की तोच रस्ता, तीच गाडी, आणि गाणं बहुतांश वाटेवर सलग. बर्फाचंही तसंच आहे. भुसभुशीत कोरडा बर्फ चालून जातो. ओला, जड थर शार्क फिनवर बसला की सिग्नल खाली येतो. हिवाळ्यात काच साफ करताना हात वर करून तो उंचवटाही पुसावा, हे मी आमच्याकडच्या सगळ्यांना सांगतो.

तर इतक्या अडथळ्यांतून गाणं पोहोचवायचं कसं? इथे या यंत्रणेतलं सगळ्यात हुशारीचं काम सुरू होतं. एकच कार्यक्रम तीनदा पाठवला जातो. एकदा पहिल्या उपग्रहावरून, एकदा दुसऱ्यावरून आणि शहरांत इमारतींवर बसवलेल्या रिपीटर मनोऱ्यांवरून तिसऱ्यांदा. एक उपग्रह झाडामागे गेला तर दुसरा असतो. मॅनहॅटनच्या गल्लीत दोन्ही झाकले गेले तर मनोरा असतो. रिसीव्हर तिन्हींकडून मिळेल ते गोळा करतो आणि त्यातून एक सलग धारा तयार करतो.

दोन उपग्रहांवरचे कार्यक्रम एकाच वेळेला येत नाहीत. त्यांत सुमारे चार सेकंदांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. आधी आलेला कार्यक्रम रिसीव्हर लगेच वाजवत नाही, चार सेकंद साठवून ठेवतो. गाडी पुलाखाली शिरली आणि सगळं आकाश झाकलं गेलं, की ती साठवलेली शिदोरी कामाला येते. गाडी पुलाबाहेर पडली की मधल्या काळात हुकलेला भाग मागून येणाऱ्या उपग्रहाकडून मिळतो. अडथळा चार सेकंदांपेक्षा लहान असेल तर ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मोठा असेल तर जेवढा मोठा, त्यातून चार वजा, तेवढी शांतता.

हिशोब सोपा आहे. ताशी 110 किलोमीटरने जाणारी गाडी चार सेकंदांत 120 मीटरहून अधिक जाते. महामार्गावरच्या साध्या पुलाची रुंदी त्याच्या निम्मीही नसते. ताशी 25 किलोमीटरने सरकणारी गाडी त्याच वेळात 28 मीटर जाते, म्हणजे रुंद पुलाखाली जेमतेम पार. उभी राहिली तर शिदोरी संपते आणि रेडिओ गप्प होतो. डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर यांना जोडणारा नदीखालचा बोगदा दीड किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे आत शिरल्यावर काही क्षण गाणं चालतं, मग पलीकडच्या देशात बाहेर येईपर्यंत काही नाही.

या हुशारीची किंमत मात्र आवाज मोजतो. 12.5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकच गोष्ट तीनदा बसवायची, म्हणजे कार्यक्रमाच्या वाट्याला खरी जागा एक तृतीयांश उरली. त्यातही चुका दुरुस्त करण्यासाठीची जादा माहिती मोठी जागा खाते. तिच्याशिवाय इतका क्षीण सिग्नल वाचताच येणार नाही. एक्सएमच्या बाबतीत हे सगळं वजा जाता हातात राहतात सेकंदाला सुमारे चाळीस लाख बिट. सुरुवातीला एक्सएमने त्यात शंभर वाहिन्या बसवल्या. भागाकार केला की एका वाहिनीला सरासरी चाळीस हजार बिट, म्हणजे 40 किलोबिट. सीडीवरचं संगीत सेकंदाला 1,411 किलोबिट घेतं. पस्तीस पटींचा फरक! बोलण्याच्या वाहिन्यांना कमी आणि संगीताच्या वाहिन्यांना जास्त, अशी वाटणी होते हे खरं. ज्या वाहिनीवर त्या क्षणी गुंतागुंतीचा आवाज असेल तिला दुसरीचे बिट तात्पुरते देण्याची सोयही आहे. तरी मूळ भांडं तेवढंच.

एवढ्यात संगीत बसतं कसं? कानाला जे ऐकू येणार नाही ते पाठवायचंच नाही, या तत्त्वावर. मोठ्या आवाजाखाली त्याच्या शेजारच्या पट्टीतला बारीक आवाज झाकला जातो. तो गाळला तरी चालतो. सिरियस आणि एक्सएमने त्यासाठी वेगवेगळ्या पद्धती घेतल्या. एक्सएमने घेतलेल्या पद्धतीत आणखी एक युक्ती आहे. वरच्या पट्टीतला, झांजेचा, सीसपेन्सिलीच्या रेघेएवढा बारीक, चमकदार भाग मुळात पाठवलाच जात नाही. खालच्या पट्टीचा आवाज आणि सोबत थोड्या त्रोटक सूचना जातात आणि त्यांवरून रिसीव्हर वरचा भाग स्वतः रचतो. म्हणजे तुम्ही ऐकता ती झांज बरीचशी गाडीत जन्मलेली असते.

मिरजेच्या माणसाला हे तपासायचं असेल तर तंबोऱ्यापेक्षा चांगलं साधन नाही. जवारी म्हणजे वरच्या पट्टीतल्या स्वरांशांचा झरा. तार घोडीच्या पसरट पाठीला सूक्ष्मपणे घासत राहते आणि एका षड्जातून गंधारासकट कितीतरी स्वर आळीपाळीने डोकावतात. मी घरी संगणकावर तंबोऱ्याचं चांगलं ध्वनिमुद्रण घेतलं, त्याच जातीच्या पद्धतीने 40 किलोबिटवर दाबलं आणि हेडफोन लावून मूळ आणि दाबलेलं आलटून पालटून ऐकलं. षड्ज जागेवर होता, पंचम जागेवर होता, खर्ज तर सुरेख. पण जवारीचं फिरणं थांबलं होतं. स्वरांश एकामागून एक उमलण्याऐवजी वर एक सपाट, किंचित पाणचट झिलई पसरली होती. तबल्याचं मुद्रण घेतलं, तर चाटेवरच्या ‘ना’चा टोकदार आघात बोथट झाला आणि आघाताच्या अगदी आधी एक पुसट फुसकारा आला. सगळ्यात वाईट अवस्था टाळ्यांची. मैफलीतल्या हजार हातांच्या टाळ्या म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले हजार आघात; त्यांची नुसती फसफस झाली.

मग तीच दोन्ही मुद्रणं गाडीत लावून महामार्गावर गेलो. टायरांची घरघर आणि वाऱ्याचा आवाज यांत तंबोऱ्यामधला फरक जवळपास झाकला गेला. टाळ्यांमधला उरला. गाडी थांबवून इंजिन बंद केलं, की पुन्हा सगळं उघडं. 2001 साली हे गणित मांडणाऱ्यांनी गाडीतल्या गोंगाटाचा हिशोब धरला होता आणि त्या काळच्या गाडीसाठी तो बरोबर होता. पण आता विजेवरच्या गाड्या आल्या. इंजिनाचा आवाज नाही, दुहेरी काचा, चांगले स्पीकर. गाडी शांत झाली आणि चाळीस किलोबिटचं पितळ उघडं पडायला लागलं. त्याच गाडीत फोनवरून इंटरनेटचं गाणं लावलं तर ते 320 किलोबिटचंही असू शकतं. नवी गाडी घेतलेले लोक म्हणतात, रेडिओ पूर्वीइतका चांगला राहिला नाही. रेडिओ बहुतेक तसाच आहे; त्याच्याभोवतीचा आडोसा गेला.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर वाचकांचे पैसे वाचतील. आमच्याकडच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका तरुणाने मला गाठलं. “काका, या रेडिओचा आवाज फार बसका येतो. चांगली अँटेना बसवली तर सुधारेल का?”

“गाणं मध्येच बंद पडतं का?” मी विचारलं.

“नाही, बंद कधीच पडत नाही. फक्त मजा येत नाही.”

“मग अँटेनाला हात लावू नकोस. ती तिचं काम पुरेपूर करतेय.”

एफएमचा सिग्नल कमी झाला की खरखर वाढते, आवाज हळूहळू खराब होतो. उपग्रह रेडिओ अंकांत येतो. अंक नीट वाचता आले तर आवाज पूर्ण मिळतो, नाही आले तर शांतता. मधली अवस्था जवळजवळ नाहीच. त्यामुळे आवाज तुटत असेल तर दोष वाटेत किंवा अँटेनात शोधावा. आवाज सलग आहे पण पाणचट, बोथट आहे, तर तो वरूनच तसा निघाला आहे. हजार डॉलरची अँटेना लावली तरी जवारी परत येणार नाही.

तुटण्याची कारणं मात्र अनेकदा आपल्याच छतावर सापडतात. शार्क फिन उघडला तर आत चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची, दोन बोटं रुंद, चौकोनी वडी दिसते आणि तिच्या खाली इवलंसं सर्किट, जे सिग्नल केबलमध्ये जाण्याआधीच मोठा करतं. ही वडी वर, सगळीकडे बघते आणि तिच्याखालचा छताचा पत्रा तिच्या कामाचाच भाग असतो. सुट्या रेडिओबरोबर येणारी चुंबकाची अँटेना म्हणूनच पत्र्याच्या मधोमध बसवायची असते. कडेला, काचेच्या आत किंवा डॅशबोर्डवर ठेवली की अर्धं आकाश गेलं. हल्ली काचेच्या छताची हौस वाढली आहे. अँटेना बिचारी मागच्या उताराच्या पट्टीत ढकलली जाते आणि पुढच्या बाजूचं खालचं आकाश तिला नीट दिसत नाही. गाडी दक्षिणेला तोंड करून चालली असेल तर याचा फटका जास्त बसतो, कारण उपग्रह दक्षिणेलाच आहेत. वर सामानाची पेटी किंवा सायकली चढवल्या तरी तेच. सहलीला जाताना रेडिओ रुसतो त्याचं कारण पुष्कळदा ही पेटी असते.

मोकळ्या माळावर, झाड ना पूल, आणि तरी रेडिओ बंद पडला तर आजूबाजूला मोबाइलचा मनोरा शोधा. उपग्रह रेडिओची जागा 2320 ते 2345 मेगाहर्ट्झ. तिच्या दोन्ही अंगांना मोबाइल इंटरनेटला जागा दिलेली आहे. आकाशातून 36,000 किलोमीटर येणारी कुजबुज ऐकत बसलेल्या रिसीव्हरशेजारी कुणी ओरडलं तर त्याला काहीच ऐकू येत नाही. शंभर-दोनशे मीटर पुढे गेलं की रेडिओ आपोआप सुरू होतो. यात गाडीमालकाने करण्याजोगं काही नाही.

जुनी गाडी आणि सुटा रेडिओ असलेल्यांसाठी एक सांगणं. छोट्या एफएम ट्रान्समीटरने उपग्रह रेडिओ गाडीच्या एफएमवर ऐकण्याची पद्धत सोयीची आहे, पण मुळात दाबलेला आवाज त्यात पुन्हा एकदा कापला जातो, वर शेजारच्या स्टेशनची खरखर मिसळते. गाडीत ऑक्सची जागा असेल तर साधी केबल लावा. इतक्या कमी पैशांत एवढा फरक पडणारी दुसरी गोष्ट नाही. आणि गाडी कुठलीही असो, ट्रेबल वाढवू नका. वरची पट्टी रिसीव्हरने रचलेली असते. ती वाढवली की झिलई वाढते, झांज वाढत नाही. ‘सराउंड’ वगैरे परिणामही या रेडिओसाठी बंद ठेवावेत.

भारतात उपग्रह रेडिओ होता, हे तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. वर्ल्डस्पेस कंपनीचा एशियास्टार उपग्रह 2000 साली 105 अंश पूर्वेला गेला. ए. आर. रहमान तिच्या जाहिरातींचा चेहरा होते आणि तिची ओळखधूनही त्यांचीच. ‘गंधर्व’ नावाच्या वाहिनीवर अखंड हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत चालायचं. पुण्यात, मिरजेत ज्यांच्या घरी तो रिसीव्हर होता त्यांना गॅलरीत किंवा खिडकीत छोटी अँटेना पूर्व-आग्नेयेच्या आकाशाकडे नेमकी वळवून ठेवावी लागे. एकदा दिशा जमली की रात्रंदिवस ख्याल. पण दिशा धरून ठेवावी लागणारी अँटेना गाडीत चालत नाही, आणि गाडीसाठी लागणारं जमिनीवरच्या मनोऱ्यांचं जाळं भारतात उभं राहिलं नाही. 31 डिसेंबर 2009 रोजी ती सेवा बंद झाली. अजूनही गाण्याची आवड असलेले ज्येष्ठ भेटले की ‘गंधर्व’ची आठवण निघते, आणि मला ती हळहळ अगदी मनापासून पटते. शास्त्रीय संगीताला चोवीस तासांची, जाहिरातींशिवायची वाहिनी मिळणं ही लहान गोष्ट नव्हती.

अमेरिकेत आता नव्या गाड्यांमध्ये उपग्रह आणि इंटरनेट दोन्ही एकाच रेडिओत येऊ लागले आहेत. 2018 पासून सुरू झालेल्या या पद्धतीत मोबाइलचं जाळं असेल तिथे इंटरनेटवरून जादा वाहिन्या मिळतात आणि नसेल तिथे उपग्रह सांभाळून घेतो. मला ही दिशा योग्य वाटते, पण त्यातून एक काम व्हायला हवं. हौसेच्या, थोड्या लोकांच्या वाहिन्या इंटरनेटवर न्याव्यात आणि उपग्रहावर कमी वाहिन्या ठेवून प्रत्येकीला दुप्पट बिट द्यावेत. जिथे मोबाइल पोहोचत नाही तिथल्या ट्रकवाल्याला तीनशे वाहिन्यांची गरज नसते. चांगल्या वाजणाऱ्या साठ पुरतात. आजवर उलटंच झालं. जागा तेवढीच राहिली आणि यादी लांबत गेली, कारण जाहिरातीत वाहिन्यांचा आकडा छापता येतो, आवाजाचा दर्जा छापता येत नाही. आवाज न तुटण्यासाठी एकच गोष्ट तीनदा पाठवावी लागली, हे मला पूर्ण मान्य आहे. त्यावर आणखी वाहिन्या कोंबणं मान्य नाही.

नव्या गाडीबरोबर ही सेवा साधारण तीन महिने फुकट मिळते. ते तीन महिने नीट वापरा. आपल्या रोजच्या रस्त्यावर, झाडांच्या भर पानांत, छतावर नेहमीचं सामान ठेवून ऐका. एखादी थेट मैफल लावा, गाडी बाजूला उभी करा आणि टाळ्या ऐका. त्या टाळ्या तुम्हाला टाळ्या वाटल्या तर पैसे भरा. नाही वाटल्या तर सेवा बंद करताना कंपनीचा माणूस फोनवर कारण विचारतोच. त्याला “महाग आहे” म्हणू नका, “आवाज चांगला नाही” असं स्पष्ट सांगा.